फ्लॅश टाकीवर ठेव

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

तुझ्या काचेच्या टाकीतल्या माशांचे फोटो पाहिले. मासा धूसर, काचेत तुझा अख्खा चेहरा आणि मधोमध पांढरा ठिपका. त्यावर तू विचारतोस, महागडी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) घेऊ का? नको रे बाबा, पैसे राहू दे. आहे तोच फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरव, साधा रेडिओ ट्रिगर (तारेशिवाय फ्लॅश उडवणारी डबी) घे आणि फ्लॅश टाकीच्या वर, तोंड खाली करून लाव. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काचेवर समोरून आपटतो आणि तसाच लेन्समध्ये परत येतो. शिवाय माशाची चंदेरी चमक त्याच्या कातडीतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ स्फटिकांची असते. त्यांच्यावर समोरून उजेड मारला की कूस पांढरी फटक पडते आणि खवल्यांची नक्षी गायब. नदीत उजेड वरूनच येतो; गडद पाठ आणि फिकं पोट ही माशाची ठेवण त्या उजेडालाच धरून आहे. वरून फ्लॅश मारलास की खवला न् खवला सुटा दिसेल. माझ्याकडच्या निऑन टेट्रा या छोट्या माशाचा निळा पट्टासुद्धा असल्याच स्फटिकांच्या थरांचा. फ्लॅश जरा पुढेमागे सरकवला की तो हिरव्याकडे झुकतो, आणि मग मी तासभर तिथेच रमतो. (या माशाच्या शास्त्रीय नावात १९३६ साली मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स यांनी विल्यम इनेस यांचं नाव घातलं. इनेस प्रकाशक होते, मासे पाळायचे आणि त्यांचे फोटोही काढायचे. म्हणजे आपल्याच पंथातले!)

आता शटर. तुझे डेनिसन बार्ब मासे क्षणभर स्वस्थ बसत नाहीत म्हणून तू १/१००० सेकंदावर गेलास, आणि अर्धी चौकट काळी आली. फ्लॅशशी शटरचा मेळ साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच बसतो. पण घाबरू नकोस. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) २०० आणि लेन्सचं छिद्र लहान, एफ ११ ठेवलंस तर खोलीतल्या उजेडाचं फोटोत जवळजवळ काही उमटतच नाही. जे उमटतं ते फ्लॅशच्या लखलखाटात, आणि १/१६ ताकदीवर लहान फ्लॅशचा लखलखाट साधारण १/१०००० सेकंदाच्या आसपास आटोपतो. तेवढ्या वेळात बार्ब कितीसा पळणार? हाय स्पीड सिंकच्या (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणाऱ्या सोयीच्या) नादी लागू नकोस; त्यात उजेड तुकड्यातुकड्यांनी पडतो आणि हीच गंमत जाते. टीटीएलही (फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणारी सोय) बंद ठेव. काळी पार्श्वभूमी आणि चकाकती कूस पाहून ते गोंधळतं.

खरी मेख अंतरात आहे. फ्लॅश झाकणाला चिकटून असला, तर वरचा मासा त्याच्यापासून १५ सेंमीवर आणि तळाचा ४५ सेंमीवर. अंतर तिप्पट म्हणजे उजेड एक नवमांश, तीन स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा)! वरचे मासे भाजलेले, खालचे अंधारात. हाच फ्लॅश अर्धा मीटर वर उचल: ६५ आणि ९५ सेंमी. आता फरक साधारण एका स्टॉपचा. पण उंचावरून ताकद वाढवावी लागते, लखलखाट लांबतो आणि शेपटी हलते. माझा सल्ला असा, की उंची मध्यम ठेव, आयएसओ ४०० कर आणि चाऱ्याची जागा ठरवून टाक. मासे शहाणे असतात, दोन-चार दिवसांत तिथेच घुटमळायला लागतात. तू फोकस तिथे बांधून वाट पाहायची.

पोटाखाली सावली पडेलच. तळाला फिकी वाळू असेल तर ती थोडा उजेड वर परतवते. पण गडद वाळूवर माशांचे रंग जास्त खुलतात, म्हणून मी तीच ठेवतो आणि दुसरा छोटा फ्लॅश बाजूच्या काचेतून, अगदी मंद, मारतो.

लेन्स काचेला काटकोनात धर. तिरकी धरलीस की पाणी आणि काच मिळून फोटोच्या कडा धूसर करतात, मग लेन्स कितीही भारी असो. लेन्सच्या तोंडावरचा रबरी हूड काचेला टेकवलास तर तुझा चेहराही दिसणार नाही. पाणी आदल्या दिवशी बदल. ताज्या पाण्याचे बुडबुडे काचेवर चिकटतात आणि फ्लॅशमध्ये प्रत्येक बुडबुडा चमकतो. खोलीतला दिवा मात्र चालू ठेव. माशांना पापण्या नसतात, मिट्ट काळोखात अचानक लखलखाट झाला तर बिचारे काचेवर धडकतात.

आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस: फ्लॅशच्या पोटात जवळपास ३०० व्होल्टचा कपॅसिटर असतो. स्टँडला घट्ट बांध, खाली काचेचं झाकण असू दे, आणि चिंटूला त्या वेळी खोलीत येऊ देऊ नकोस.

जाता जाता एक. डेनिसन बार्ब हा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधला मासा; २०१३ साली त्याच्या प्रजातीसमूहाचं नावही सह्याद्रिया झालं. हौशी लोकांसाठी इतका उपसला गेला, की आज तो धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे. पुढच्या वेळी घेताना टाकीत पैदास केलेलाच मिळतो का ते विचार. तुझ्या दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

टाकीची उंची कळव, म्हणजे तुझ्या फ्लॅशचा हिशोब करून देतो. आणि फोटो मूळ फाइलच पाठव, व्हॉट्सॲपवर टाकून त्यांची चटणी करू नकोस. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझाच,
सुध्या