गाडीखाली काय कापले आहे, तेही पाहा

संपादक महोदय,

कर्णकर्कश सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येतात. त्यांतले बहुतेक सायलेन्सर मोटारसायकलींचे असतात. रात्री उशिरा बीकेसीत, ईस्टर्न फ्रीवेवर किंवा सागरी किनारा मार्गाच्या बोगद्यात सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज काढत जाणाऱ्या सेडान मात्र सहसा सुटतात. त्यांचा मागचा डबा बाहेरून चकचकीत आणि साळसूद दिसतो. खरा उद्योग पुढे, इंजिनाजवळ झालेला असतो. आम्ही काही जण याच कामातले. व्हर्टस जीटी, स्लाव्हिया किंवा जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या राहणाऱ्या तरुणांना आणि त्यांचे बिल भरणाऱ्या पालकांना गाडीखाली नेमके काय होते हे ठाऊक नसते, म्हणून हे पत्र.

धुराचा रस्ता असा : टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा), त्याला लागून डाउनपाइप व धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजच्या भाषेत ‘कॅट’), मग इंजिनाचे हेलकावे सोसणारा जाळीदार बेलो, मधला रेझोनेटर आणि शेवटी मफलर, म्हणजे तोच मागचा डबा. कॅटला हात न लावता त्याच्या मागचा भाग बदलणे हे एक काम. कॅट काढून तिथे सरळ नळी जोडणे हे पूर्णपणे वेगळे काम. बिलावर मात्र दोन्हींना ‘एक्झॉस्ट किट’ एवढेच लिहिलेले असते.

ताकद वाढते म्हणावे, तर टर्बो गाडीत खरा अडथळा टर्बाइन आणि कॅटमध्ये असतो. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणे) न करता फक्त मागचा भाग बदलून १५० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) इंजिनातून हाती लागतो तो मुख्यतः आवाज. टर्बो नसलेल्या इंजिनात गरजेपेक्षा जाड नळी घातली तर धुराचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांवर) गाडी उलट मरगळते. ‘तीन इंची लावा, मोकळी होईल’ हा सल्ला म्हणूनच सरसकट मानू नये. दीड-दोन लिटरच्या गाडीला मागे सव्वादोन ते अडीच इंच पुष्कळ झाले.

आवाजातही एक मेख आहे. चार सिलिंडरचे इंजिन २,५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ८३ ठोके देते. नेमका याच पट्ट्यात केबिनमध्ये डोके उठवणारा घुमारा भरतो. मूळ रेझोनेटर असतो तो हा घुमारा मारण्यासाठीच. तो कापला की लोणावळ्यापर्यंत जाऊन येणे शिक्षा होते. व्हर्टस जीटीतल्या १.५ टीएसआय इंजिनात तर कमी भारावर दोन सिलिंडर बंद होतात, म्हणजे ठोके निम्म्यावर येतात आणि घुमारा आणखी खालच्या सुरात जातो. रेझोनेटर काढलाच, तर नळीला एका टोकाने बंद असलेली बाजूची शाखा जोडून घुमारा मारता येतो. ८३ ठोक्यांसाठी तिची लांबी साधारण सव्वा मीटर लागते, वायूच्या तापमानानुसार थोडी कमीजास्त. एवढी जागा गाडीखाली आहे का, हे आधी मोजावे.

आता बसवणे. गाडी दोन-तीन तास थंड झालेली हवी. काम लिफ्टवर करावे. नाहीच तर चारही बाजूंना स्टँड लावावेत, नुसत्या जॅकवर गाडी उचलून कोणी खाली शिरू नये. कॅटमागच्या फ्लँजच्या (दोन नळ्या जोडणाऱ्या चकतीच्या) नट-स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे स्टड असे धरून बसतात की घाईने पाना फिरवला तर तुटतात, आणि मग ड्रिल मारून काढण्यात अर्धा दिवस जातो. बेलोच्या आसपास बोगद्यासारख्या खाचेवर आडवी पट्टी असते. ती बॉडीला ताठपणा देते, त्यामुळे काढली तर परत बसवलीच पाहिजे. ‘उरलेले’ बोल्ट म्हणून ती डिकीत टाकून दिलेल्या गाड्या आमच्या पाहण्यात आहेत.

फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत मूळ एक्झॉस्ट सलग एका तुकड्यात असतो. तो कुठे कापायचा याची खूण कंपनीनेच नळीवर खळगा पाडून दिलेली असते. तिथेच, काटकोनात, करवतीने कापावे. पुढेमागे मूळ सेट परत बसवायचा झाला तर दुहेरी क्लॅम्पची स्लीव्ह त्याच जागी बसते. कापण्याआधी मफलरखाली लाकडी ठोकळा ठेवलेला जॅक लावावा, नाहीतर सगळे वजन बेलोवर लोंबते आणि जाळी फाटते. हँगरची रबरे साबणाच्या पाण्याने सोडवावीत. ग्रीस वा इंजिन ऑइल लावले की रबर फुगते.

नवे भाग पुढून मागे, आधी हातानेच सैल लावायचे. सरकजोड असेल तर नळी किमान ४० मिमी आत गेलेली हवी. मग सगळी नळी एका रेषेत आणून पुढून मागे आवळायची. साधारणपणे एम८ नटला २० ते २५ आणि एम१०ला ४० ते ४५ न्यूटन-मीटर पुरतात. किटसोबत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. फ्लँजची गॅस्केट दर वेळी नवी. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि मागचा अॅक्सल यांपासून निदान दीड सेंटिमीटर अंतर हवे. तेही दोनदा तपासायचे : चाके लोंबत असताना आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची तीन मीटर नळी ३०० अंशांनी तापली की जवळजवळ १५ मिमी लांबते. हे न कळणारा वेल्डर ती दोन जागी बॉडीला घट्ट जखडतो, आणि वर्षाच्या आत तडा जातो तो जोडावरच. टोक बंपरला खेटून ठेवलेल्या गाडीचे प्लास्टिक वितळते, ते याच कारणाने.

वेल्डिंगवर कंजुषी करू नये. आर्गॉन वेल्डिंग आणि तेही नळीच्या आतून आर्गॉन सोडून. नाहीतर आतली बाजू जळून खरखरीत होते आणि तिथूनच गंज धरतो. ३०४ला ३०४ जोडताना ३०८एल फिलर (जोड भरणारी तार), कंपनीच्या नळीच्या ४०९ प्रतीच्या स्टेनलेसला ३०४ जोडताना ३०९एल. साध्या लोखंडी रॉडने मारलेला जोड एका पावसाळ्याचा पाहुणा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थचा चिमटा जोडाजवळच लावावा.

मफलर घेताना तळाला पाणी निथळायचे बारीक भोक आहे का पाहावे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात निघते. दादर ते वरळी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते मफलर तापण्याआधीच आत साचते. सरळ नळीच्या मफलरातले काचतंतूंचे भरण त्याने भिजते, पुढे झडते आणि वर्षा-दीड वर्षात आवाज आपोआप चढतो. बसवताना ‘सौम्य’ वाटलेला एक्झॉस्ट नंतर त्रासदायक होतो तो असा.

शेवटी थंड इंजिन सुरू करून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे दिसले तर गळती. दीड-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत. धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर कॅटच्या पुढे-मागे असतात. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिश्रण पातळ वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि मायलेज घसरते. सेन्सर काढावाच लागला तर २२ मिमीचा पाना वापरावा. अँटी-सीझ (आटे जखडू न देणारे मलम) लावायचेच तर फक्त आट्यांवर, टोकाला थेंबही लागता कामा नये.

आता कॅट. तो काढला की मागच्या सेन्सरला फरक कळतो आणि पी०४२० कोडसह इंजिनाचा दिवा लागतो. त्यावर गॅरेजवाल्यांचा उपाय म्हणजे सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला फसवणे, किंवा ईसीयूतून तो कोडच पुसणे. गॅस सोडल्यावर फटाके वाजावेत म्हणून ठिणगी उशिरा टाकून पेट्रोल मागे जाळणारे मॅप भरले जातात. कॅट जागेवर असेल तर त्याची सिरॅमिक जाळी अशाने वितळून बसते. काढलेल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते आणि भंगारात त्याला चांगली किंमत येते. ‘जुना माल इथेच राहू द्या’ असे गॅरेजमध्ये कोणी म्हटले तर तो घरी आणावा.

कायदा पुरेसा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचना बदलण्यावर निर्बंध आहेत. कलम १८२अ(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ध्वनी आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रता. कॅट शाबूत ठेवून केलेल्या कामातही आवाज मर्यादेबाहेर गेला तर हीच कलमे लागतात.

अडचण तपासणीची आहे. पीयूसी केंद्रावर आवाज मोजलाच जात नाही. आयडलवर (गाडी उभी, गॅस न देता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा कॅट नसलेल्या बीएस६ पेट्रोल गाडीने ओलांडायला हवी, तरीही तिच्या मालकाकडे वैध प्रमाणपत्र असते. ते कसे, हे परिवहन विभागाने विचारावे. पीयूसीच्या फोटोत नंबरप्लेट दिसते तसा एक फोटो गाडीखालचा, कॅटचा, सक्तीचा करता येईल.

आवाजासाठी २०२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर डेसिबल मीटर लावून, हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलवर गेला की लाल दिवा लांबवण्याचा प्रयोग केला होता. तेच मीटर वायुवेग पथकाच्या (परिवहन विभागाच्या फिरत्या तपासणी पथकाच्या) हाती द्यावे. उभ्या गाडीची चाचणी सोपी आहे : एक्झॉस्टच्या टोकापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांत माइक, इंजिन ठरलेल्या आरपीएमवर. तुलनेसाठी त्याच मॉडेलच्या कंपनी फिटिंगच्या गाडीचे अशाच पद्धतीने घेतलेले मोजमाप लागेल. फॉर्म २२ मध्ये उत्पादक देतो तो आकडा धावत्या गाडीचा, साडेसात मीटरवरून मोजलेला असतो. तो इथे लावू नये. उभ्या गाडीचे हे आकडे उत्पादकांकडून मागवून आरसीच्या नोंदीत चढवले, तर रस्त्यावरच्या हवालदाराला कानावर विसंबून वाद घालत बसावे लागणार नाही.

— मोटार दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, कुर्ला (पश्चिम), मुंबई