गुड फ्रायडे 'उत्साहात साजरा' होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शनिवार, ४ एप्रिलच्या आपल्या अंकात पान तीनवर 'वसईत गुड फ्रायडे उत्साहात साजरा' ही बातमी वाचली. तिच्याच खाली 'गुड फ्रायडेनिमित्त सर्व ख्रिस्ती बांधवांना हार्दिक शुभेच्छा' अशी हात जोडलेल्या फोटोची जाहिरात. पत्र शनिवारीच लिहायला घेतले होते, पण तो दिवस आमच्याकडे गप्प राहण्याचा असतो, म्हणून कागद बाजूला ठेवला. आज ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आटोपून घरी आलो आणि चहाच्या आधी हेच काम हातात घेतले आहे.

शुक्रवारच्या अंकात हनुमान जयंती उत्साहात साजरी झाल्याची बातमी होती. ती योग्यच होती, तो जन्माचा सोहळा आहे. दुसऱ्या दिवशी बातमीदाराने त्याच साच्यात आमचा दिवस ओतला. येशूला क्रुसावर खिळे ठोकून मारले, तो हा दिवस. घरात सुतक असावे तसे वातावरण असते. सकाळपासून पेजेखेरीज चुलीवर काही चढत नाही. सुतकाच्या घरी कोणी शुभेच्छा देते का?

आपला बातमीदार चर्चच्या आत आला असता, तर त्याच्या लक्षात आले असते. गुरुवारी रात्रीच वेदीवरची वस्त्रे, फुले, मेणबत्त्या सगळे काढून घेतात. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, ठेवण्याची पेटी रिकामी असते आणि तिचे दार सताड उघडे. शुक्रवारी दुपारी फादर येतात ते गाण्याशिवाय, आणि उघड्या वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. त्या दिवशी मिस्सा होत नाही. म्हातारी माणसे गुडघे धरत धरत क्रुसाला ओठ लावायला जातात. आणि घंटा? ती गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी वाजते, त्यानंतर थेट शनिवारी रात्रीपर्यंत मुकी.

ही मुकी घंटा म्हणजे काय, ते मला १९९७ साली कळले. २७ मार्चला, पवित्र गुरुवारी, रात्री साडेअकराला माझे वडील गेले. आमच्या गावात कोणी गेले की चर्चची घंटा वाजते. वाडीत काम करणारा माणूस हातातले टाकून बांधावर येतो, कोण गेले म्हणून विचारतो. वडिलांसाठी ती वाजली नाही. माझा धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ सायकलवरून आळीआळीत फिरले, दारे ठोठावून सांगत. शुक्रवारी सकाळी दफन. अंत्यविधीची मिस्साही त्या दिवशी करता येत नाही. फादरांनी शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना केली, एकही गीत झाले नाही. आई पुढे कितीतरी वर्षे म्हणायची, "त्यांच्यासाठी घंटासुद्धा वाजली नाही रे."

त्या सकाळी, शवपेटी अजून ओटीवर असताना, कचेरीतले माझे एक सहकारी दारात उभे राहिले. विरारहून मुद्दाम आले होते. हातात पेढ्यांचा पुडा. सरकारी सुट्टी आहे, ख्रिस्ती मित्राचा सण आहे, पेपरात शुभेच्छा छापून आल्या आहेत, तेव्हा घरी जाऊन भेटावे, एवढाच त्यांचा विचार. आत बायका रडताना पाहून ते जागीच थिजले. पुड्याच्या दोऱ्यात अडकवलेले त्यांचे बोट मला अजून दिसते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुडा पिशवीत सारला, चपला काढल्या आणि येऊन वडिलांच्या पायाशी उभे राहिले. दफनभूमीपर्यंत चालत आले, मूठभर माती टाकली. त्यानंतर नोकरीत होते तोवर दर गुड फ्रायडेला ते फोन करून फक्त "कसा आहेस?" एवढेच विचारायचे. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी पेपर वाचला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

या गोष्टीला २९ वर्षे झाली, आणि पेपरात आजही तीच शुभेच्छा आहे.

आमच्या वर्षात सणाचे दिवस आहेत तसे उपासाचेही आहेत. यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागते आणि रविवार सोडून ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. चातुर्मासात जसे लोक काहीतरी सोडतात, तसे आमच्याकडे कोणी मटण-मासळी सोडतो, कोणी दारू, कोणी चहा. राखेच्या बुधवारची एक ओळ तुमच्या पेपरात आली नाही. काल रात्री अंधारात चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटवला, त्यावरून २०२६ हे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती लावली, मग एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत गेली आणि ग्लोरियाला सगळ्या घंटा एकदम वाजल्या. उत्साह तिथे होता. शुभेच्छा द्यायच्या तर आजपासून २४ मेच्या पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवस आहेत, त्यातल्या कुठल्याही दिवशी द्या, आम्ही मनापासून घेऊ.

आजच्या अंकात मात्र ईस्टरला दोन ओळी आणि रंगीत अंड्यांचे चित्र. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. गुरुवारी चैत्री पौर्णिमा झाली, म्हणून आज ईस्टर. पंचांग पाहणाऱ्या वाचकाला हे सांगताच कळेल. अंड्यांच्या जागेत तेवढे मावले असते.

आणखी एक. डिसेंबरात मी पाठवलेल्या पत्रातला 'आगमनकाळ' हा शब्द काढून आपण 'ख्रिसमस सीझन' केलात. आगमनकाळ हा नाताळआधीच्या चार रविवारांचा, वाट पाहण्याचा काळ. तेव्हा फादरांची वस्त्रे जांभळी असतात. नाताळ २५ तारखेला सुरू होतो. माझ्या नावाखाली नेमके उलटे छापून आले आणि आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्याच चर्चच्या हद्दीतल्या, दोघांनी मला चर्चच्या पायरीवर थांबवून त्याचा जाब विचारला. निदान एक फोन करायला हवा होता.

हे पत्र छापणार असाल, तर 'राखेचा बुधवार', 'प्रायश्चित्तकाळ' आणि 'आगमनकाळ' हे शब्द आहेत तसे ठेवा. जागा कमी पडली तर पौर्णिमेचा परिच्छेद काढा. वडिलांचा काढू नका.

आपला,
एक जुना वाचक, वसई