'तपासणी करून टाका' म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) खेळाडूंवरचा आपल्या क्रीडा पानावरचा लेख काल सकाळी वाचला. दिवसभर राग गिळला, रात्री झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसले. 'शाळेपासूनच सगळ्या मुलींची एकदा तपासणी करून टाका, म्हणजे वाद मिटेल,' असं लेखकानं शेवटी म्हटलं आहे. तपासणी म्हणजे, ही खरंच मुलगी आहे का, याची. जिची तपासणी होणार तिचं काय होतं, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, महिलांचा गट वेगळा हवाच. मी स्वतः आठशे मीटर धावले आहे, पुढे वीस वर्षं मुलींना धावायला शिकवलं आहे. वयात आल्यावर मुलाच्या अंगात जे बळ येतं ते नुसत्या सरावानं भरून निघत नाही. अव्वल पुरुष आणि अव्वल महिला यांच्या वेळेत दहा-बारा टक्क्यांचा फरक राहतोच. जलतरणाच्या जागतिक संघटनेनं २०२२ साली आणि ॲथलेटिक्सच्या संघटनेनं २०२३ साली, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी महिलांना महिला गटाबाहेर ठेवलं, त्यामागचं कारण मला समजतं. औषधांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी केल्यावर किती फायदा शिल्लक राहतो, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. माझं भांडण त्या नियमाशी नाही, 'करून टाका' या दोन शब्दांशी आहे.

मी पंधरा वर्षांची होते. उंच, सपाट अंगाची, आवाज घोगरा, केस बॉयकट. शालेय स्पर्धेत आठशे मीटर जिंकले. पाय अजून थरथरत होते, बूट हातात होते, तेवढ्यात माइकवरून माझा छाती क्रमांक पुकारला. पंचांच्या टेबलापाशी दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील उभे होते. 'ही पोरगी नाहीच,' असं ते माझ्याकडे न बघता म्हणत होते. टेबलावर चार पुरुष आणि एक बाई. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'पाळी येते का तुला? मागची तारीख सांग.'

मला तेव्हा पाळी आलेलीच नव्हती. इतक्या धावणाऱ्या मुलींना ती उशिरा येऊ शकते, हे मला माहीत नव्हतं आणि त्या पाचांपैकीही कुणाला माहीत नसावं. मला एवढंच कळलं की 'नाही' म्हटलं तर पदक जाईल. मी 'हो' म्हणाले आणि मनाला येईल ती तारीख सांगितली. एका पंचानं ती माझ्या नावापुढे वहीत लिहिली. निळ्या शाईत, वेळेच्या रकान्याशेजारी. पदक दिलं ते तासाभरानं, मैदान रिकामं झाल्यावर. दुसरी आणि तिसरी आलेली मुलगी केव्हाच निघून गेल्या होत्या, मी एकटीच पायरीवर उभी राहिले. पुढे वर्षभर, ती तारीख खोटी होती हे कुणीतरी शोधून काढेल, या धास्तीत जगले. आईलाही सांगितलं नाही.

हे जुन्या काळातलं झालं, असं आपले लेखक म्हणतील. अमेरिकेतल्या युटा राज्यात २०२२ साली काय झालं ते त्यांनी वाचावं. एका शाळकरी मुलीनं शर्यत जिंकली. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी संशय घेतला. त्यावर तिथल्या शालेय क्रीडा संघटनेनं तिची अगदी बालवाडीपर्यंतची कागदपत्रं तपासली. ती पहिल्यापासून मुलगीच होती. त्याच वर्षी तिथल्या राज्यपालांनी पारलिंगी मुलींवरच्या बंदीच्या विधेयकाला नकार देताना सांगितलं होतं, की राज्यातल्या ७५,००० शालेय खेळाडूंमध्ये पारलिंगी मुलं चार, आणि त्यातली मुलींच्या संघात खेळणारी एक. तो नकार विधिमंडळानं मोडीत काढला. एका मुलीसाठी नियम झाला आणि संशय हजारो मुलींवर आला. दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील हे वाचताना मला पुन्हा टेबलापाशी उभे दिसले.

मोठ्या खेळाडूंचीही याहून वेगळी गत झाली नाही. आपली धावपटू शांती सौंदराजननं २००६ च्या दोहा एशियाडमध्ये आठशे मीटरचं रौप्यपदक जिंकलं. तपासणीनंतर ते काढून घेतलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. धावपटू द्युती चंदला अंगात नैसर्गिकच टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळलं. तिनं क्रीडा लवादात दाद मागितली आणि २०१५ साली तो टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नियम स्थगित करून घेतला. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्योनं तपासणीच्या निकालामुळे पदक, शिष्यवृत्ती, ठरलेलं लग्न, सगळं गमावलं. १९८८ साली तिला पुन्हा खेळायची परवानगी मिळाली, पण उमेदीची वर्षं परत आली नाहीत. यांतली एकही पारलिंगी नव्हती.

आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि गर्भात पुरुषी अवयवांची घडण सुरू करणारं एसआरवाय जनुक आहे का ते पाहायचं, एवढं सोपं झालंय, असं लेखक लिहितात. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्समध्ये ती चाचणी सक्तीची आहे, हे खरं. पण ते जनुक १९९० साली ज्यांनी शोधलं त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला जाहीर विरोध केला आहे. जनुक आहे एवढंच चाचणीतून कळतं, ते शरीरात कसं चालतं हे कळत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अशाच चाचणीत आठ महिला अडकल्या. पुढची तपासणी झाल्यावर आठही जणींना खेळू दिलं. त्यांच्यामागे निदान जाणकार डॉक्टर होते. शाळेच्या मैदानावर कोण असणार आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. नियम करायचाच असेल तर त्यात हेही लिहा, की शाळकरी मुलीला शरीराविषयी मैदानावर कुणीही, काहीही विचारणार नाही. तोंडी तक्रार घेणार नाही. तक्रार खोटी निघाली तर करणाऱ्यालाही जाब द्यावा लागेल. जे विचारायचं ते डॉक्टर विचारतील, बंद दाराआड, आई किंवा मुलीच्या विश्वासातली बाई शेजारी असताना. आणि ते कुठल्याही वहीत राहणार नाही.

जाता जाता आणखी एक. त्या लेखासोबत आपण अल्जेरियाची बॉक्सर इमान खलीफ हिचा फोटो छापलात. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ६६ किलो गटात सुवर्ण जिंकली. महिला गटात खेळण्याच्या तिच्या पात्रतेवर जो वाद आहे तो वेगळा आहे, ती पारलिंगी नाही. लेख पारलिंगी खेळाडूंवर आणि फोटो तिचा, हे कुणाच्याच नजरेला कसं आलं नाही? जबडा रुंद, खांदे रुंद, म्हणून लावला का फोटो? माझ्याकडेही असंच बघून त्या गृहस्थांनी ठरवलं होतं. चूक मान्य करून दुरुस्ती छापा, आणि फोटो जेवढा मोठा होता तेवढ्याच जागेत छापा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका