टॅनिंगचे दिवे आणि त्वचेचा कर्करोग

संपादक महोदय,

नाशिकमध्ये पार्लरला पैसे मोजतात ते टॅन काढायला! तरी शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारी मुले आणि परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी यांची सनबेडशी, म्हणजे त्वचा मुद्दाम काळवंडवणाऱ्या दिव्यांच्या पलंगाशी, गाठ पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही यंत्रे तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, टाकली. त्यातली अतिनील किरणे पेशींमधला डीएनए बिघडवतात. त्वचा काळवंडणे ही त्या इजेचीच खूण. ‘आधी टॅन केले की ऊन बाधत नाही’ हेही खोटे, ते संरक्षण जेमतेम एसपीएफ ३-४ च्या सनस्क्रीनइतके.

रंग हवाच तर डीएचए या वरून लावायच्या रसायनाचा लावावा. तो वरच्या मृत थरालाच चढतो, आठवड्याभरात उतरतो. फवारताना मात्र डोळे, नाक, तोंड झाकावे.

कोड किंवा सोरायसिससाठी डॉक्टर देतात ते ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उपचार वेगळे; मात्रा मोजून, गॉगल लावून दिलेले. घाबरून ते सोडू नयेत.

आणखी एक. सावळ्या त्वचेत मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तळपायावरचा वाढता काळा डाग भोवरी समजून ब्लेडने तासू नये. नखातली काळी रेघ रुंदावत असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

– एक वाचक, नाशिक