ताई, तू ‘होऊन जाईल गं’ म्हणाली नाहीस म्हणून थँक्यू

प्रिय ताई,

तुला साधा मेसेज टाकला असता तर तू एक अंगठा पाठवला असतास आणि लगेच विचारलं असतंस की लोनचे पेपर आले का, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता गपचूप वाच. नाव टाकत नाहीये, तू चिडशील, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मला इथं अमेरिकेतच एमडी (इथं डॉक्टर व्हायची पहिली डिग्री हीच) करायचंय हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यांची उत्तरं ठरलेली होती. बार्शीचे लोक म्हणायचे अगं मग गावाकडे एमबीबीएस कर, नंतर अमेरिकेची यूएसएमएलई परीक्षा दे, तिथं रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगला जा, सगळे तसंच जातात. तो रस्ता वाईट नाहीच, पण मी बारावीनंतर ओहायोत बीएस करायला आलेली, आता परत जाऊन नीट देऊ का? आणि इथली मंडळी म्हणायची वाव, ग्रेट, तुझं होऊन जाईल गं. आजीचं तर वेगळंच, तिच्या मते आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीनं गेल्या तर तुला विमानानं जाऊन काय अडचण. आजीला कोण सांगणार की न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना घरात ठेवून घेतलं होतं, असं कुणीतरी लागतंच.

माझ्या वाट्याला तू आलीस, स्वतः इथंच मेडिकल शिकणारी. गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत मसालेभाताची प्लेट धरून उभी होतीस, नाइट करून आलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि मी एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहे, मेडिकलला अप्लाय करणारे म्हटल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, ‘घरून किती पैसे निघतील?’ जीपीए म्हणजे कॉलेजचे मार्क नाहीत, एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा नाही, डायरेक्ट पैसे. मला इतका राग आला ना तेव्हा! मग तू तिथंच खुर्ची ओढून बसलीस आणि सांगितलंस की आपल्याला फेडरल, म्हणजे इथल्या सरकारचं लोन मिळत नाही, प्रायव्हेट बँक द्यायला तयार असते पण सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला को-सायनर, म्हणजे जामीनदार आण म्हणते, आणि काही कॉलेजं तर अ‍ॅडमिशन दिल्यावर सांगतात की वर्षाची, कधी कधी चारही वर्षांची ट्यूशन आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे फीसाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात भरून ठेवा. प्रायव्हेट कॉलेजात राहणंखाणं धरून चार वर्षांचे साडेतीन लाख डॉलर सहज होतात, म्हणजे तीन कोटींच्या आसपास. बाबांचं बार्शीत औषधांचं दुकान आहे ताई, तीन कोटी हा आकडा आमच्या घरात कुणी तोंडानं उच्चारलेला नव्हता.

आणि एवढं सांगून ‘नको करूस’ असंही तू म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझी एक्सेल आली. त्या एक्सेलसाठी तुला साष्टांग नमस्कार, खरंच. एमसारमधून, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या माहितीच्या यादीतून एकेक कॉलेज काढून तू कॉलम केले होतेस, इंटरनॅशनल घेतात का, एड म्हणजे फीला मदत देतात का, एस्क्रो मागतात का, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्षात किती घेतले. तुझं वाक्य अजून डोक्यात आहे, ‘घेतो असं म्हणतात ते बघू नकोस, घेतलेत किती ते बघ.’ सरकारी कॉलेजं बहुतेक सगळी लाल झाली, त्यांना त्यांच्या स्टेटची मुलं आधी हवी असतात आणि त्यात चूक काहीच नाही. मग जे उरलं त्यात हार्वर्ड, येल, जॉन्स हॉपकिन्स असली नावं, म्हणजे जिथं अमेरिकन मुलांचीही तंतरते तीच आपल्यासाठी उघडी! हे गणित मला आधी कुणीच समजावलं नव्हतं. 2023-24 मध्ये एमडीला 52 हजारांवर मुलांनी अप्लाय केलं आणि सगळे मिळून 23 हजारांच्या आसपास आत गेले, त्यात एफ-वनवाले चिमूटभर, हेही तूच आकडे काढून दाखवलंस.

एमकॅटबद्दल फार लिहीत नाही. साडेसात तास, 230 प्रश्न, तू एवढंच म्हणालीस की बायोकेम तुझं होईल, कार्सचे, म्हणजे वाचून उत्तरं द्यायच्या भागाचे उतारे रोज वाच, रविवारीसुद्धा. वाचले.

पण पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातला स्वतःबद्दलचा निबंध! 5300 कॅरेक्टर, त्यात स्पेससुद्धा मोजतात, आणि माझा पहिला पॅरा सगळा ‘लहानपणापासून बाबांच्या दुकानात औषधांचा वास’ वगैरे. तू तो अख्खा पॅरा उडवलास आणि फोन करून विचारलंस, दुकानातला एक माणूस सांग. मी सांगितलं की एक हमाल काका यायचे, बीपीच्या गोळ्यांची अर्धीच पट्टी मागायचे, पगार झाला की उरलेली अर्धी न्यायचे, आणि मधले दिवस गोळीच घ्यायचे नाहीत. तू विचारलंस, ‘मग तू काय केलंस?’ मी म्हटलं काही नाही, मी नववीत होते, कात्रीनं पट्टी कापून दिली. तू म्हणालीस, बस, इथून सुरू कर. ताई, ज्या ज्या ठिकाणी इंटरव्ह्यू झाला तिथं त्या अर्ध्या पट्टीबद्दल विचारलंच. एका ठिकाणी तर ती बाई वीस मिनिटं त्यावरच बोलत बसली, तिचे पेशंटपण इन्सुलिन पुरवून पुरवून वापरतात म्हणे.

जुलैत सेकंडरींचा, म्हणजे प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या निबंधांचा पाऊस पडला तेव्हा तुझ्या स्वतःच्या सर्जरीच्या रोटेशन, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूट्या चालू होत्या, पहाटे चारला उठायचीस, तरी माझे निबंध लाल करून परत यायचे. कसं जमवलंस मला माहीत नाही. आणि बाकी कॉलेजं नुसती गप्प, ना हो ना नाही, तेव्हाही तू खोटं काही बोलली नाहीस, म्हणालीस प्लॅन बी म्हणून लॅबमधल्या नोकरीचे फॉर्म भरून ठेव, ओपीटीची, म्हणजे डिग्रीनंतर याच व्हिसावर काम करायच्या परवानगीची तारीख बघ.

आता काकांचं. अ‍ॅडमिशन झालं, कॉलेजनं एड थोडी दिली, उरलेल्यासाठी को-सायनर पाहिजे. न्यू जर्सीचे काका ‘बघू’ म्हणत होते आणि आपल्याकडे बघू म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. तू त्यांना फोन लावलास, ओळख ना पाळख, आणि तासभर बोललीस. मी कॉलवर होते, म्यूटवर. काकांनी विचारलं, ‘पोरीला नाही झेपलं तर?’ मला वाटलं आता तू माझं कौतुक करशील. तू म्हणालीस, ‘तर हप्ते तुम्हाला भरावे लागतील काका, आणि ते तुमच्या क्रेडिटवर दिसेल.’ माझ्या पोटात गोळा. काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं, पाठव पेपर. काकूंनी नंतर सांगितलं की बाबांनी, आत्यानं, सगळ्यांनी त्यांना ‘काही होत नाही, नुसती सही’ असंच सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते घाबरले होते.

तर पेपर आलेत, सह्या झाल्यात, आय-20, म्हणजे व्हिसासाठीचा कॉलेजचा कागद, पण आलाय. आईनं चिवडा आणि शेंगांची चटणी पाठवलीये, तुझ्या वाट्याचा डबा वेगळा आहे, मी फोडलेला नाही, पत्ता बदलला असेल तर कळव. तुझा मॅच डे, रेसिडेन्सी कुठं मिळाली ते कळायचा दिवस, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी असतो ना, त्या दिवशी मी क्लास बुडवणारे, बोलू नकोस काही. आणि सोलापूरच्या एका मुलीनं परवा मला विचारलं की एफ-वनवर मेडिकल होतं का. तुझी एक्सेल पाठवली तिला, आणि आधी विचारलं की घरून किती पैसे निघतील. चिडली ती माझ्यावर.

तुझीच,
बार्शीची पोरगी