‘खाताना ठसका लागला होता का?’ असं विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

त्या सोमवारी वीस महिन्यांचा लेक कडेवर आणि पिशवीत तीन आठवड्यांच्या औषधांच्या बाटल्या घेऊन आम्ही तुमच्या ओपीडीत आलो. तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. कफ आहे, वाफ द्या, एवढंच. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा.

तुम्ही स्टेथोस्कोप उजवीकडे ठेवलात, डावीकडे, परत उजवीकडे. मग तो माझ्याच कानाला लावलात. डावीकडे श्वास भरभरून ऐकू येत होता, उजवीकडे अगदी लांबून आल्यासारखा. आणि तुम्ही विचारलंत, "खाताना कधी जोरात ठसका लागला होता का?"

मी नाही म्हणाले. सासूबाई गप्प झाल्या. संक्रांतीच्या आधी त्या भाजलेले दाणे पाखडत होत्या. बाळाने सुपातले दाणे उचलून तोंडात कोंबले, लालबुंद होईस्तोवर खोकला आणि दहा मिनिटांत खेळायला लागला. गिळले असतील, असं वाटून त्या विसरूनही गेल्या. सांगताना त्यांना रडू आवरेना. तुम्ही त्यांचा हात धरलात. "आजी, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. दाणा एक्स-रेत दिसत नाही."

केसपेपरच्या मागे तुम्ही काढून दिलेलं चित्र मी जपून ठेवलंय. उजव्या फुफ्फुसात जाणारी श्वासाची नळी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून श्वासनळीत गेलेली वस्तू बहुतेकदा तिकडेच उतरते. श्वास घेताना हवा आत जाते, सोडताना अडकते. दाणा ओलीने फुगतो, त्याच्या तेलाने आत सूज येते. इतक्या लहान मुलांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, तेव्हा अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्हाला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मेडिकल कॉलेजात फोन तुम्ही केलात, १०८ बोलावलीत, भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत काही भरवू नका असं दोनदा बजावलंत. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने दाण्याची एक पाकळी निघाली, फुगून मऊ झालेली. माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

सासूबाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस सुपाला हात लावला नव्हता. परवा त्यांनी भाजीसाठी कूट केलं, मिक्सरला दोनदा फिरवून अगदी बारीक. बाळ त्यांच्याच मांडीवर होता. तुम्ही त्या दिवशी त्यांना एका शब्दाने बोलला असतात, तर त्यांनी त्याला पुन्हा मांडीवर घेतलं नसतं.

तुमची ऋणी,
त्या बाळाची आई