तेंडुलकरांची शताब्दी कोल्हापुरात साजरी व्हावी

संपादक महोदय,

6 जानेवारी 2028 रोजी विजय तेंडुलकर यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्यांची कर्मभूमी मुंबई-पुण्याची असली, तरी जन्म कोल्हापूरचा आहे, आणि या नात्याची नोंद शहराने आजवर पुरेशा ठळकपणे घेतलेली नाही, असे मला वाटते.

केवळ पुतळा किंवा चौकाला नाव देऊन हा सन्मान उरकू नये. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला पाहता पाहता बेणारेबाईंच्या खाजगी आयुष्याची चिरफाड करू लागतो आणि एरवी सभ्य वाटणारी सहकारी मंडळी आरोपकर्ती बनतात. हे प्रेक्षागृहात बसून अनुभवण्याची संधी आजच्या विद्यार्थ्यांना मिळायला हवी. ‘घाशीराम कोतवाल’ तर हवेच. दूरचित्रवाणीसाठी त्यांनी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली होती व त्यात त्यांच्या कन्या प्रिया तेंडुलकर प्रमुख भूमिकेत होत्या, हे तरुण पिढीला बहुधा ठाऊकही नसेल. तिचे भाग मिळवून जाहीरपणे दाखवावेत.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि ऑगस्ट 2024च्या आगीत जळालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह हेच या महोत्सवाचे योग्य स्थळ होय. महापालिका, विद्यापीठ आणि हौशी नाट्यसंस्था यांनी त्यासाठी एकत्र समिती नेमावी आणि संहितांच्या वाचनाला आतापासूनच सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

— एक नाट्यप्रेमी वाचक, कोल्हापूर